नववा ठोका

त्या सकाळी आलेल्या अठ्ठावीस मेलपैकी एकच आभाराची होती, म्हणून तिनं ती आधी उघडली.

आभार तिच्या वाट्याला फारसे यायचे नाहीत. ती पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात गेली नऊ वर्षं एक सॉफ्टवेअर सांभाळायची. कुठलंही यंत्र उघडा, आत दोन-तीन चिप तारांवरून एकमेकींशी बोलत असतात. तारेवर खरं तर दोनच गोष्टी असतात, वीज आहे किंवा वीज नाही. पण हे आहे-नाही सेकंदाला लाखभर वेळा बदलतं. लॉजिक अ‍ॅनालायझर नावाची काडेपेटीएवढी डबी चिमट्यांनी त्या तारांना लावली की ती हा सगळा चढउतार टिपून घेते. आणि तिचं सॉफ्टवेअर त्या चढउताराचा अर्थ लावून माणसाला वाचता येईल अशी यादी करून द्यायचं: याने त्याला हे सांगितलं, त्याने याला ते. सगळा कोड उघडा, फुकट. कोणीही घ्यावा, कोणीही बदलावा. निरनिराळ्या देशांतली साठेक माणसं त्यात भर घालायची. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा डीकोडर, म्हणजे अर्थ लावणारा भाग, तिच्या हातचा होता आणि त्याचा तिला अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण होता.

त्या आठवड्यात ती रजेवर होती. मोठ्या भावानं जिन्यावरून घसरून पाय मोडून घेतला होता, वहिनी परदेशी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे दादा पलंगासकट तिच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडला होता. दादा विमा कंपनीत दावे तपासायचा. पाय प्लास्टरमध्ये होता, तोंड नव्हतं.

मेल अशी होती:

"ताई, ओळख नाही तरी लिहितो. मी एका हॉस्पिटलमध्ये यंत्रं दुरुस्त करतो, मला इथे सगळे मिस्त्री म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे वाईट प्रकार झाला. शिरेतून हळूहळू औषध सोडणारा पंप असतो, त्यावर सिस्टरनं ताशी चार पॉइंट पाच मिली लावायचं, ते पंचेचाळीस लागलं. दहापट. पेशंट आजी वाचल्या, पण दोन दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. सिस्टर म्हणाली, मी पॉइंट दाबला होता. चौकशी समिती बसली. मला म्हणाले, पंप तपासा. मी तुमचं सॉफ्टवेअर लावून पंपाच्या कीपॅडच्या तारा वाचल्या. समितीसमोर सिस्टरला साठ वेळा चार, पॉइंट, पाच दाबायला लावलं. सत्तावन्न वेळा बरोबर. तीन वेळा पंपावर पंचेचाळीस आलं, आणि त्या तिन्ही वेळी तुमच्या यादीत फक्त चार आणि पाच. पॉइंटचं बटण आलेलंच नाही. म्हणजे तिचं बोट नीट पडत नाही, पंप चांगला आहे. तसा अहवाल मी दिला. सतरा वर्षं ओळखतो तिला, वाईट वाटतं. ती अजूनही म्हणतेच, बीप तीनदा वाजलं. पण यादी समोर आहे म्हटल्यावर मी तरी काय करणार? आज दुपारी तीनला निकाल. बहुतेक तिचं लायसन्स जाईल. तुमच्यामुळे सोक्षमोक्ष लागला, म्हणून आभार."

खाली फोन नंबर होता.

तिनं उत्तर लिहायला घेतलं. 'आपल्या पत्रानं बरं वाटलं' इथपर्यंत लिहिलं आणि थांबली. मेल पुन्हा वर नेऊन वाचली. बीप तीनदा वाजलं.

लिहिलेलं तसंच सोडून तिनं फोन लावला.

"मिस्त्री? मी डीकोडरवाली. तुम्ही आत्ता मेल केलीत."

"अरे बापरे! ताई, तुम्ही स्वतः? मी लिहिलं खरं, पण..."

"एक विचारायचंय. बटण दाबल्यावर बीप वाजतं, ते वाजवणारी चकती कुठल्या बोर्डावर आहे? कीपॅडच्या, का मेन बोर्डाच्या?"

"कीपॅडच्या. बटण लागलं की कीपॅडचा बोर्ड आधी बीप करतो, मग मेनला कळवतो."

"त्या तीन वेळी, पंचेचाळीस आलं तेव्हा, बीप किती वाजली?"

पलीकडून लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "मोजली नाहीत. सिस्टर म्हणते तीन. आम्ही सगळे पंपाच्या स्क्रीनकडे बघत होतो."

"तिसरं बीप वाजलं असेल तर कीपॅडला पॉइंट लागला होता. मग तो मेनकडे गेला का नाही, हे बघायला हवं. मला यादी नको, मूळ फाइल पाठवा. डबीनं टिपलेली, कच्ची. आहे ना?"

"आहे. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर. मी आता तिसऱ्या मजल्यावर एक मॉनिटर उघडून बसणार होतो. तासाभरात..."

"आधी खाली जाता का?"

तिच्या आवाजात काहीतरी असावं. मिस्त्रींनी 'का' विचारलं नाही. "जातो," म्हणाले.

फाइल येईपर्यंत तिनं स्वतःचाच कोड उघडला. कुठे बघायचं हे तिला माहीत होतं.

अशा तारांवर प्रत्येक निरोप आठ ठोक्यांचा असतो. नववा ठोका ऐकणाऱ्याचा. त्या ठोक्याला ऐकणारी चिप तार खाली ओढते; म्हणजे पोचलं. तार वरच राहिली, म्हणजे पोचलं नाही. ज्याची पोच मिळाली नाही तो निरोपही तारेवर गेलेला असतोच, दिसतोच. पण तीन वर्षांपूर्वी लोक तक्रार करू लागले होते, की बरीच यंत्रं चालू होताना प्रत्येक पत्त्यावर 'कोणी आहे का, कोणी आहे का' असं विचारत सुटतात आणि बिनउत्तराच्या हाकांनी पडदा भरून जातो. तेव्हा तिनं एक सोय केली. कोडात ती एकाच ओळीची होती: पोच न मिळालेले निरोप लपवा. आणि ती सोय जो काही बदलणार नाही त्याच्यासाठी आपोआप चालू राहायची.

एकानंच विरोध केला होता. दूरच्या देशातला एक निवृत्त मास्तर, प्रत्येक बदलावर प्रश्न विचारणारा. तिनं त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं आणि अर्थही त्याला सांगितला होता. तो खूश झाला होता. त्यानं लिहिलं होतं, "लपवायचं तर लपव, पण इथे काहीतरी लपवलंय अशी खूण तरी ठेव. नाही तर बघणारा म्हणेल, काही नव्हतंच." तिनं उत्तर दिलं होतं, "ज्याला बघायचं तो एक क्लिक करेल." वाद दोन आठवडे चालला आणि शेवटी डीकोडर तिचा म्हणून तिनं तो संपवला.

तिनं ती जुनी चर्चा शोधून पुन्हा वाचली. स्वतःचंच वाक्य वाचताना कान तापले.

"काय गं, इतकी गप्प का?" बाहेरून दादा ओरडला. "चहा टाकतेस का?"

"थांब जरा."

"मी थांबूनच आहे. जाणार कुठे?"

बारा वाजून दहा मिनिटांनी फाइल आली. तिनं ती आहे तशा सोयींनी उघडली. एक्केचाळिसाव्या खेपेला, पहिल्यांदा पंचेचाळीस आलं तिथे, यादीत चार होता, मग पाच. मध्ये काही नाही. दोन बटणांमधलं अंतर मात्र इतर वेळच्या दुप्पट होतं. तेवढ्या वेळात एक बटण आरामात मावलं असतं.

तिनं सोय बंद केली.

चार आणि पाच यांच्यामध्ये एक लाल ओळ उमटली. पॉइंट. आठही ठोके स्वच्छ, आणि नवव्या ठोक्याला तार वर. कीपॅडनं निरोप दिला होता. मेन बोर्ड त्या क्षणी दुसऱ्याच कामात होता, त्यानं ऐकलं नाही. नियमाप्रमाणे कीपॅडनं पुन्हा सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. बीप केलं आणि पुढे गेला. तिनं बाकीच्या दोन खेपा पाहिल्या. तेच. तेच.

तिनं फोन उचलला.

"मिस्त्री, बाईचं बोट बरोबर पडलं होतं. तिन्ही वेळा. पंपानं तिचं बटण गिळलं, आणि माझ्या सॉफ्टवेअरनं ते तुमच्यापासून लपवलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी सही केलीय, ताई," मिस्त्री म्हणाले. "अहवालाच्या प्रत्येक पानावर."

"चूक तुमची नाही, माझी आहे. ते मी सांगेन. पण त्याआधी हे सांगा, तसले पंप आणखी किती आहेत?"

प्रश्नाचा रोख मिस्त्रींना लगेच कळला. "अकरा," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज धावायला लागला. "अकरा, आणि सगळे वॉर्डात चालू आहेत."

वॉर्डाच्या दाराशी त्यांना हेड सिस्टरनं अडवलं. मिस्त्रींच्या खिशात फोन चालूच होता, त्यामुळे सगळं बोलणं इकडे घरी तिला ऐकू येत होतं. चालू औषधाचा पंप असा कोणी काढत नसतं, हेड सिस्टर म्हणाली, मोठ्या डॉक्टरीणबाईंची सही आणा. आणि त्या ऑपरेशनला आहेत, तीनपर्यंत बाहेर येणार नाहीत.

"सही तीनला आणतो," मिस्त्री म्हणाले. "काढत नाही, हातही लावत नाही. फक्त प्रत्येक पंपाचा आकडा आणि पेशंटच्या कागदावरचा आकडा जुळतो का, एवढं बघू द्या. तुम्हीच वाचा, मी ऐकतो."

हेड सिस्टरनं दार उघडलं. "चला," म्हणाली.

मग सुरू झाला तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास. चपलांचा आवाज, पडदा सरकल्याचा आवाज, आणि हेड सिस्टरचा कोरडा आवाज. "कागदावर दोन पॉइंट पाच. पंपावर दोन पॉइंट पाच." चपला. "कागदावर सहा. पंपावर सहा." कोणी पेशंट विचारत होता, काय झालं हो? काही नाही आजोबा, झोपा. "कागदावर एक पॉइंट दोन. पंपावर..." आणि तिथे आवाज थांबला.

तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चष्मा लावते," हेड सिस्टर म्हणाली. "एक पॉइंट दोन."

अकराच्या अकरा जुळले. शेवटच्या खाटेपाशी मात्र एक तरुण सिस्टर सहज म्हणाली, "ते पॉइंटचं का? होतं तसं कधीकधी. आकडा चुकीचा येतो, मग आपण पुन्हा दाबतो. माझं बोटच घाईचं."

"तुझं पण?" दुसरी म्हणाली. "मला वाटायचं फक्त माझंच होतं."

थोड्या वेळानं हेड सिस्टरचा आवाज फोनच्या अगदी जवळून आला. "कोण बोलतंय? ताई, हे सगळं तीन वाजता तोंडी चालणार नाही. समितीसमोर लेखी लागेल. तुमच्या नावानिशी, सहीनिशी. अडीचपर्यंत पाठवा."

"पाठवते," ती म्हणाली.

"काय पाठवतेस?" बाहेरच्या खोलीतून दादा.

भिंत पातळ होती. त्यानं बरंच ऐकलं होतं. ती बाहेर गेली आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. दादानं पेपर बाजूला ठेवला.

"लेखी काही द्यायचं नाही."

"दादा..."

"ऐक आधी. एकोणीस वर्षं हेच काम करतोय मी. पेशंट व्हेंटिलेटरवर गेला होता. उद्या घरचे कोर्टात जातील. पंपवाल्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, हॉस्पिटलकडे असते. तुझ्याकडे कोण आहे? प्लास्टरमधला भाऊ. ज्याच्या सहीचा कागद सापडेल त्याच्या गळ्यात सगळं पडतं. तुझ्या सॉफ्टवेअरबरोबर ती ओळ असते ना, कसलीही हमी नाही म्हणून?"

"असते."

"मग झालं तर. ती ओळ तुला वाचवते. तू गप्प बसलीस तर."

"ती ओळ मला वाचवते. त्या सिस्टरला कोण वाचवणार?"

"मिस्त्री सांगेल की! फोनवर सांगितलंस ना त्याला? आता तो बघून घेईल."

"त्यानं आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगणार. त्याच्यावर विश्वास कोण ठेवेल? ते लपवलं मी, दादा. मीच सांगायला हवं."

दादानं डोळे मिटून घेतले. तो रागावला की असंच करायचा, लहानपणापासून. ती आत वळली तेव्हा मागून म्हणाला, "निदान मला दाखव लिहून झालं की. 'मला वाटतं', 'बहुधा' असलं काही लिहू नकोस. जे दिसलं तेवढंच लिही, आणि कुठे दिसलं ते लिही."

तिनं दीड पान लिहिलं. दादानं चार वाक्यं काढायला लावली, एक घालायला लावलं. दोन वाजून वीस मिनिटांनी सही करून ते गेलं.

तीनला मिस्त्रींनी फोन टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. तिच्या पडद्यावर एक लांबट खोली दिसत होती. मध्ये मोठ्या डॉक्टरीणबाई, ऑपरेशनची टोपी अजून डोक्यावर. त्यांच्या एका बाजूला हेड सिस्टर, दुसऱ्या बाजूला पंपाच्या कंपनीचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात. टेबलाच्या टोकाला, सगळ्यांपासून दोन खुर्च्या सोडून, ती सिस्टर बसली होती. चाळिशीची, केस चापून बांधलेले, हात मांडीवर. ती फोनकडे बघत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. वाचून झाल्यावर कंपनीच्या माणसाकडे सरकवला. त्यानं वाचता वाचताच हसायला सुरुवात केली.

"मॅडम, हे तर आमचंच काम सोपं झालं," तो म्हणाला. "फुकटचं सॉफ्टवेअर. बनवणारी स्वतः लिहून देते की ते चुकीचं दाखवतं. मग सकाळपर्यंत त्यावर भरवसा ठेवला तो चूक, आणि आता ठेवायचा तो बरोबर? हा सगळा पुरावाच बाजूला काढा. राहता राहिलं काय? पंपावर पंचेचाळीस होतं, आणि ते यांनी लावलं."

सिस्टरनं मान आणखी खाली घातली.

डॉक्टरीणबाई फोनकडे वळल्या. "यात मला तथ्य वाटतं. तुमचं सॉफ्टवेअर काल एक सांगत होतं, आज दुसरं. मी कशावर जायचं?"

दाराच्या फटीतून दादा कुबड्या घेऊन उभा असलेला दिसत होता. उठायची मनाई असताना.

"माझ्या सॉफ्टवेअरवर जाऊच नका," ती म्हणाली. "ते बंदच करा. मिस्त्रींच्या हातात मूळ फाइलवरून छापलेले तीन कागद आहेत, त्या तीन खेपांचे. ते माझ्या सॉफ्टवेअरचं म्हणणं नाही. तारेवर वीज कधी होती आणि कधी नव्हती, एवढंच त्यावर आहे. पेन आहे तुमच्याकडे?"

मिस्त्रींनी कागद पुढे ठेवले. लांबच्या लांब कागद, त्यावर वरखाली जाणाऱ्या दोन रेघा.

"वरच्या रेघेवरचे उंचवटे ठोके आहेत. डावीकडून मोजा. पहिले आठ म्हणजे निरोप. नवव्याखाली दुसरी रेघ बघा. ती खाली असेल तर पंपानं ऐकलं. वर असेल तर ऐकलं नाही. हे मी म्हणते म्हणून नाही. पंपाच्या चिपच्या माहितीपत्रकात लिहिलंय, ते पान मिस्त्रींनी जोडलंय."

"हे चुकीचं आहे का?" डॉक्टरीणबाईंनी कंपनीच्या माणसाला विचारलं.

"नाही, म्हणजे... ते सगळीकडे तसंच असतं."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मोजायला लागल्या. पेनाचं टोक एकेका उंचवट्यावर टेकत होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. "...सात, आठ, नऊ. खाली." त्यांनी खूण केली. "हा कुठला?"

"चार," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा मोजलं. या वेळी सावकाश. आठ. पेन नवव्यावर आलं आणि थांबलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग परत पहिल्यापासून मोजलं.

"वर," त्या म्हणाल्या. "हे पॉइंटचं बटण?"

"हो, मॅडम. आठ ठोके वाचून दाखवतो, कोष्टकात जुळवून..."

"मला द्या कोष्टक."

त्यांनी स्वतः जुळवलं. मग दुसरा कागद, मग तिसरा. दहा मिनिटं गेली असतील. सिस्टर उठून कधी जवळ आली कोणालाच कळलं नाही. ती डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून त्या कागदाकडे बघत होती.

"हे मी दाबलेलं आहे?" तिनं विचारलं. "हे, इथलं?"

"तुम्हीच दाबलेलं," मिस्त्री म्हणाले. "बाई, मी सही करायला नको होती."

तिनं नवव्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

कंपनीचा माणूस फाइल आवरत होता. हेड ऑफिसला कळवावं लागेल, तपासणीला वेळ लागेल, एवढ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं, असं काहीसं तो म्हणाला. हेड सिस्टरनं त्याला मध्येच तोडलं. "वॉर्डातल्या सात जणींनी आज सांगितलंय, त्यांचंही असं होतं. सातही जणी स्वतःच्या बोटांना दोष देत होत्या. लिहून घेतलंय मी."

डॉक्टरीणबाईंनी आधी पंप काढायच्या कागदावर सही केली. अकरा पंप त्याच संध्याकाळी, एकेक करत, जुन्या पंपांनी बदलले गेले. सही करून झाल्यावर त्या सिस्टरकडे वळल्या.

"बटणाचा दोष तुमचा नाही. तसं लिहिते. पण चालू करण्याआधी स्क्रीन बघायची असते. बघितली होती?"

सिस्टर सरळ उभी राहिली. "नाही. शेजारच्या खाटेची घंटा वाजत होती. तीन बीप ऐकली आणि पळाले."

"ते मला लिहावं लागेल."

"लिहा," सिस्टर म्हणाली. "ते खरं आहे."

लायसन्स वाचलं. ताकीद लागली आणि तिच्या नोंदीत कायमची राहिली. मिस्त्रींना खुलासा द्यावा लागला. कंपनीनं दोन महिन्यांनी पंपांसाठी दुरुस्ती पाठवली. सोबतच्या पत्रात कारण म्हणून 'कामगिरीत सुधारणा' एवढंच लिहिलं होतं. दादाला भीती होती तसा कोणी वकील तिच्या दारात आला नाही, पण येईल म्हणून ती बरेच दिवस बेल वाजली की दचकायची.

डीकोडरमधली ती सोय तिनं त्याच संध्याकाळी काढली आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, स्वतःच्या नावानं लिहिलं की गेली तीन वर्षं हे असं होतं, ते माझ्या निर्णयानं होतं, ज्यांनी या काळात यादीवर विसंबून काही ठरवलं असेल त्यांनी मूळ फाइल पुन्हा उघडून बघावी.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. सिस्टर होती.

"मिस्त्रींकडून नंबर घेतला. आभार मानायला हवेत म्हणून केला," ती म्हणाली, "पण जीभ वळत नाहीये. खरं सांगते."

"मानू नका. मी मागतही नाही."

"तीन आठवडे घरी बसले होते. मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच, दिवसभर दाबत बसायचे. बोट नीट पडतं का बघायला. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, की हो, चुकतं आपलं. नवऱ्याला सांगून टाकलं मी तसं. समितीपुढे कबूलही करणार होते त्या दिवशी. आणखी पाच मिनिटं गेली असती तर केलं असतं."

"मला माफ करा," ती म्हणाली.

सिस्टरनं विचारलं, "आणखी किती जणांचं असं झालं असेल हो? तुमच्याकडे यादी असेल ना, कोण कोण वापरतं याची?"

"नाही. फुकट असतं, कोणीही उतरवून घेतं. कोण वापरतं, कशाला वापरतं, काही कळत नाही. ज्याला गरज पडली तो लिहितो, बाकीचे लिहीत नाहीत."

"म्हणजे ज्यानं कोणी त्या यादीवरून दुसऱ्या कोणाला घरी बसवलं असेल, त्याला हे कळणारच नाही."

"तो माझी सूचना वाचेल तरच."

"हं," सिस्टर म्हणाली. तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. "जाते. ड्यूटी आहे."

सूचनेला पुढच्या महिन्याभरात एकोणीस उत्तरं आली. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. एकानं बऱ्याच शिव्या घातल्या. एका वजनकाट्याच्या कारखान्यातल्या तपासनीस बाईनं लिहिलं, की तिनं मागच्या वर्षी एका जोडारी कामगाराला निष्काळजी ठरवलं होतं, त्यानं जोडलेल्या बोर्डाचा निरोप यादीत दिसतच नाही म्हणून; जुन्या फाइल शोधून काढल्या आहेत, पण एकटीनं उघडायचा धीर होत नाही, सोबत बसाल का?

तिनं लगेच उत्तर दिलं. मग खुर्ची पुढे ओढली, फोन लावला आणि म्हणाली, "मी आहे. पहिली फाइल उघडा."